वानगीचा गूळ

माल पारखावा तर रामलाल राठोडांनी! हे मत अख्ख्या तांड्याचं होतं असं नाही. ते मुख्यतः रामलालभाऊंचं स्वतःचं होतं. पण ते इतक्या ठामपणे आणि इतक्या वेळा सांगत, की फुलसावंगीच्या बाजारातले दुकानदारही शेवटी कंटाळून मान डोलवत.

"आपले पुरखे बैलाईच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले, बाप्पा! माल वळखणं आपल्या रगतातच हाय!" असं म्हणून भाऊ तुरीच्या डाळीचा दाणा दाताखाली धरत, डोळे मिटत आणि समाधी लागल्यासारखे उभे राहत. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली तरी समाधी मोडत नसे. पुरखे मीठ विकत होते की दुसऱ्याचं वाहत होते, हा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

आणि वानगी! मूठभर वानगी घरी नेऊन, शिजवून, चाखून पाहिल्याशिवाय भाऊंनी आयुष्यात किलोभर काही घेतलं नव्हतं. त्यांच्या खिशात कायम कसल्या ना कसल्या पुड्या असत. सुखीबाई धोतर-सदरा धुवायला काढत तेव्हा आधी तांदूळ, गहू आणि मूग बाजूला करून ठेवत.

तर अशा या भाऊंच्या घरी रविवारी पाहुणे येणार होते. पाहुणे म्हणजे साधे नव्हेत! मुलगा राजकुमार लोहाऱ्याला एमआयडीसीतल्या कारखान्यात होता. तिथंच माल तपासायच्या खात्यात ममता जाधव होती. डबे एकत्र खाता खाता दोघांचं जमलं. ममताचे वडील शामराव मुकुटबनकडचे. माणूस मनाचा चांगला, पण रुसण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. पोरीनं वर्षभर विनवण्या केल्या तेव्हा कुठे ते घर पाहायला यायला तयार झाले. मन भरलं तर बोलणी, नाही तर जीपमध्ये बसून परत! आणि परत गेलेले शामराव पुन्हा आलेले कोणी पाहिले नव्हते.

"बा, जरा सांभाळून," राजकुमारनं फोनवर सांगितलं. "त्याइले कायचाबी राग येते."

"तू कायले घाबरतं? असा पाहुणचार करतो का शामराव बोटं चाटत राहीन!"

सुखीबाई म्हणाल्या, "बाजूच्या दुकानातून आणा ना सारं. मानसं जेवाले येऊन राह्यले, परीक्षा घ्याले नाई."

पण ऐकतील ते भाऊ कसले! शनिवारी सकाळीच नवा फेटा बांधून ते फुलसावंगीला निघाले. डाळ चार दुकानांत चावली. वांगी दाबून दाबून अशी मऊ केली की भाजीवालीनं टोपली झाकून ठेवली. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या हुंगल्या. मग मिरचीवालीपाशी बसले. मिरची तिखट आहे की नुसती लाल आहे, हे चाखल्याशिवाय कसं कळणार? एक चाखली. फरक कळायला दुसरी चाखली. दुसरीचा फरक कळायला तिसरी. त्यानंतर जीभ तोंडात आहे की मिरचीच्या ढिगावरच राहिली, हे भाऊंना कळेना!

आणि नेमका गूळ घ्यायचा राहिला होता. लापशी गुळाची होणार होती, म्हणजे सगळी मदार गुळावर! एका दुकानातला गूळ हळद लागलेल्या नवरदेवाहून पिवळा. दुसऱ्यातला काळसर आणि मऊ. तिसरा असा कडक की दुकानदारानं फोडायला बत्ता घेतला. भाऊंनी तिन्ही चाखले. तिन्ही जळत्या लाकडासारखे लागले.

"अशी चव कळत नाई, बाप्पा. वानगी द्या."

"घ्या भाऊ, मोठी घ्या," दुकानदार हात जोडून म्हणाला. "घरी चाखा, उद्या चाखा, पण आता जा!"

घरी आल्यावर भाऊंनी बायकोला हाक मारली. सुखीबाई अंगण सारवत होत्या. "मले टाइम नाई," त्यांनी मान वर न करता सांगितलं. मग भाऊंनी घरातलं पितळी ताट घेतलं, त्यात तिन्ही गूळ फोडून मांडले, माश्या बसू नयेत म्हणून वर हाताला आलेलं लाल फडकं टाकलं आणि तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाच्या ओट्याकडे निघाले. तिथं दुपारी चार माणसं बसलेली असत. आपली जीभ गेली तर गेली, चार जिभा मिळून निकाल लागेल!

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते आणि त्या दुपारी एकट्या रामलालभाऊंना आठवली नाही. सोयरीक ठरली की पोराचा बाप नायकासमोर गूळ वाटतो. गूळ खाल्ला म्हणजे शब्द दिला. त्याला सही लागत नाही की शिक्का लागत नाही.

ओट्यावर मारोती नायक होते. नायकाचा पंप दुरुस्त करायला आलेले निजामुद्दीन मिस्त्री होते. आणि लालीबाई आडे होत्या. लालीबाईंच्या हाताची चव सगळ्या तांड्यात नावाजलेली, आणि त्यांची सत्यशीला लग्नाची.

नवा फेटा, पितळी ताट, लाल फडकं! नायक सावरून बसले.

"नायक, आदी तुमी तोंडात टाका," भाऊ जळत्या जिभेनं कसंबसं बोलले.

"राजकुमारचं हाय काय?"

"हव! त्याच्यासाठीच तं चाललं हे सारं."

नायकांनी खडा कपाळाला लावून तोंडात टाकला. भाऊंना वाटलं, किती आदरानं चाखतात! मग ते लालीबाईंकडे वळले. त्यांना त्यांनी तिन्ही गुळांचे सगळ्यात मोठे खडे दिले.

"लालीबाई, मन लावून खा. तुमी हव म्हनलं का आपलं काम झालं. मले दुसऱ्या कोनाले इचाराचंच नाई!"

लालीबाईंचे डोळे भरून आले. "राजकुमारसारखा पोरगा..." त्या पुटपुटल्या. "काय सांगू भाऊ, लय गोड हाय."

"कोनता? काळा का पिवळा?"

पण लालीबाई पदरानं डोळे पुसत घराकडे पळाल्यासुद्धा! गूळ खाऊन माणूस रडतो म्हणजे माल अव्वल, असा भाऊंनी हिशेब केला. निजामुद्दीनभाईंनीही एक खडा तोंडात टाकून मोबाइल काढला, "मुबारक हो रामलालभाई!" म्हणत ताटासकट फोटो काढला. चांगल्या गुळाबद्दल मुबारक म्हणणारा रसिक माणूस भाऊंना पहिल्यांदाच भेटला. ते छाती काढून उभे राहिले.

घरी येऊन पाणी पितात न पितात तोच आडेंच्या घराकडून बायकांची गाणी ऐकू आली. मग फोन वाजला.

"बा!" राजकुमारचा आवाज रडवेला होता. "तुनं मायी सोयरीक कोनाशी केली?"

"कोनाशीच नाई! म्या तं फक्त गूळ..." इथं भाऊंची जीभ एकदम ठिकाणावर आली. डोळ्यांपुढे ताट दिसलं, फेटा दिसला, नायकाचं कपाळ दिसलं. "अरे द्येवा!"

"मिस्त्रीचाचानं काढलेला फोटो मोबाइलवर फिरून राह्यला! ममतानं पाह्यला, तिच्या बानं पाह्यला! ती मायाशी बोलाले तयार नाई!"

सुखीबाई सारवणाचे हात तसेच घेऊन दारात उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात भाऊंना त्या नजरेचा अर्थ विचारावा लागला नव्हता.

"आता जातो अन् समजावतो," भाऊ ताट उचलून म्हणाले.

"ताट ठिवा खाली!"

"अवं, पुरावा लागते ना! दाखवतो तीन परकारचा गूळ हाय म्हनून."

आडेंच्या दारात लालीबाईंचा नवरा बादल नुकताच शेतातून आला होता. त्याला अजून कोणी धड काही सांगितलं नव्हतं. भाऊंनी घाईघाईनं सुरुवात केली, "बादल, गैरसमज झाला गा. म्या गूळ असाच देल्लता, चव पाह्याले. हे पाय, तूबी पाय!" आणि बोलता बोलता सवयीनं, अगदी सवयीनं, त्यांनी एक काळा खडा बादलच्या तोंडात घातला!

बादलनं खडा गिळला, खोरं फेकलं आणि भाऊंना कडकडून मिठी मारली. "इवाई!" व्याही मिळाल्याच्या आनंदात तो ओरडला. गाणी दुप्पट जोरात सुरू झाली. भाऊ मिठीतून सुटले तेव्हा बायकांनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलेलं होतं.

रविवारी सकाळी जीप आली. जेवायला नव्हे, जाब विचारायला! शामराव थेट नायकाच्या ओट्यावर चढले. मागून ममता उतरली, रडून सुजलेल्या डोळ्यांची. राजकुमार तिच्यापासून दोन हात लांब, मार खाल्लेल्या चेहऱ्याचा. पोराचा तो चेहरा पाहून भाऊंना वाटलं, आपण बाजारभर मिरवलो, आणि पोराचं घर बसण्याआधीच मोडलं!

"एका पोराचा गूळ दोन घरी?" शामराव गरजले. "नायक, असा तांडा म्या पाह्यला नाई!"

"गूळ खाल्ला म्हंजे शब्द झाला," बादल छातीवर हात ठेवून म्हणाला. "म्या सोता खाल्ला!"

"तं मंग मैंने भी खाया ना!" निजामुद्दीनभाई पंपाजवळून ओरडले. "मायी कोनाशी सोयरीक झाली?"

हसावं की रागवावं हे कोणालाच कळेना. नायकांनी हात वर केला. "रामलाल, खरं सांग. सोयरीक होती का वानगी?"

"वानगी, नायक! आईच्यान वानगी! सोयरिकीचा गूळ कोनी तीन परकारचा वाटते काय? चाखून पाहा सारे. येगयेगळा नसला तं माया फेटा पायापाशी ठिवतो!"

मग काय, न्यायनिवाडा सुरू झाला! भाऊंनी उरलेला सगळा गूळ आणला. नायकांनी पुन्हा तिन्ही चाखले. बादलनं चाखले. शामरावांनी आधी तोंड फिरवलं, मग पिवळा चाखला, मग खात्री करायला काळा चाखला. म्हाताऱ्या चाखून गेल्या, पोरं चाखून पुन्हा रांगेत लागली. एका बाजूला पिवळ्याचा पक्ष, दुसऱ्या बाजूला काळ्याचा. सोयरीक बाजूला राहिली आणि गुळावरून जुंपली!

"यात सोडा हाय," एक स्पष्ट आवाज आला. ममता होती. पिवळा खडा बोटांत धरून ती उजेडात पाहत होती. "अन् कडकवाला जुना हाय. लापशीले काळाच घ्या."

रामलालभाऊ आ वासून तिच्याकडे बघत राहिले. अशी सून! हिच्यासाठी शामरावांचेच काय, अख्ख्या मुकुटबनचे पाय धरायला ते तयार होते.

"वानगीच होती," नायकांनी निकाल दिला. "येवढं येड्यासारखं सोयरिकीत कोनी करत नाई."

"बरं झालं बाई!" गर्दीतून सत्यशीला पुढं आली. पायात पळायचे बूट, अंगाला घाम. "मले कोनी इचारलं काय? पोलीस भरतीचं ग्राउंड हाय माया. म्या रातभर झोपली नाई!"

बादल खाली मान घालून बसला. लालीबाई मात्र उठून गेल्या. ते पाहून भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या दारात रात्रभर गाणी झाली होती, आणि ती आपल्या पुडीपायी!

इकडे शामराव बोटं चाटत होते. खरोखरच चाटत होते! राग कुठल्या तरी खड्याबरोबर विरघळला असावा. "मानूस खुळा हाय," ते नायकांना म्हणाले, "पन खायच्या बाबतीत इमानदार हाय. पोरगी सुखात राहीन. आना गूळ! आताच खाऊन टाकू!"

टाळ्या पडल्या. राजकुमार आणि ममता यांच्यातले दोन हात कधी मिटले ते कोणाला दिसलं नाही. नायकांनी ताटाकडे हात नेला. ताट रिकामं होतं! लाल फडकंसुद्धा एका पोरानं चाटून स्वच्छ केलं होतं. भाऊंनी खिसे उलटे केले. तूर निघाली, मूग निघाले, गुळाचा कणसुद्धा निघाला नाही. शामरावांच्या कपाळावर पुन्हा आठी दिसायला लागली.

तेवढ्यात लालीबाई परत आल्या. हातात डबा होता. "काल सत्यशीलेसाठी आनून ठिवला होता," त्या म्हणाल्या. "वाटाचाच होता ना. आता या पोरीच्या नावानं वाटा. पोरगी तेबी आपलीच."

भाऊंनी हात जोडले. नायकांनी डबा उघडला, एक खडा शामरावांना दिला, एक रामलालभाऊंना. ममतानं वाकून लालीबाईंच्या पायाला हात लावला आणि सुखीबाईंनी आनंदानं रडून घेतलं.

भाऊंनी खडा तोंडात टाकला आणि ते जागच्या जागी थबकले. डोळे मिटले. समाधी लागली. काय गूळ होता! बाजार पालथा घातला, जीभ जाळून घेतली, पोराची सोयरीक पणाला लावली आणि असा गूळ कुठं दिसला नव्हता!

"लालीबाई," त्यांनी डोळे उघडून हळूच विचारलं, "हा गूळ तुमी कोन्या दुकानातून..."

सुखीबाईंनी डब्यातला सगळ्यात मोठा खडा उचलला आणि नवऱ्याच्या तोंडात कोंबला.

त्या दुकानाचं नाव रामलालभाऊंना अजून कळलेलं नाही. लालीबाई विचारलं तर लगेच सांगतील. पण त्या दिवसापासून सुखीबाई पदराच्या गाठीला गुळाचा एक खडा बांधूनच फिरतात, आणि तो बराच मोठा आहे.