कोंडिबामामा गाडी का बदलतात

कोंडिबामामा गाडीची निंदा गाडीसमोर करत नाहीत. ब्रेक उशिरा लागतो, छत गळतं, असलं काही सांगायचं असलं की ते आधी आपल्याला खुणेनं कडुलिंबाच्या झाडापलीकडं बोलावतात, मागं वळून गाडीला ऐकू जात नाही ना याची खात्री करतात आणि मग हळूच म्हणतात, "हिच्यात खोट नाय बरं का माय. लई गुणाची हाय. पण..."

ह्या 'पण'नंतर ती गाडी विकली जाते.

गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हे. मामा तिच्यात राहतात. आत गॅस, पाण्याची टाकी, खंडोबाचा फोटो, घोंगडी आणि समोरासमोर दोन पलंग. माणूस एकटा आणि पलंग दोन, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. पण गिऱ्हाइकाला असं कसं विचारायचं? मी पडद्यांची मापं घेतली.

माझा संबंध पडद्यांपुरताच. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत सीट कव्हरचं दुकान आहे, तिथं मी मशीनवर बसते. मूळची देवगडकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, आमच्या ह्यांना वाळूजला कंपनीत काम लागलं म्हणून इकडं आले. आले ती नेमकी दुष्काळात. आमच्याकडं पाणी घरात शिरू नये म्हणून लोक धडपडतात. इथं टँकरचा भोंगा वाजला की जेवणावरची माणसं उठून धावायची. मला आधीच काळजी करायची सवय. टँकर आला तर कळशी भरेल का, भरली तर सांडेल का, आणि आलाच नाही तर काय, अशी माझी दिवसभर शिवण आणि काळजी एकाच धाग्यानं चालायची.

पहिल्याच उन्हाळ्यात एकदा मला रिकाम्या कळश्या पायाशी घेऊन मशीनवर बसलेलं मामांनी बघितलं. संध्याकाळी त्यांची गाडी आमच्या गल्लीत येऊन उभी. टाकीची तोटी उघडून म्हणाले, "भर. पडद्याचं माप घ्यायला आलो होतो, असं सांग कोण विचारलं तर." गल्लीतल्या सगळ्या बायका हंडे घेऊन धावल्या. सगळ्यांनीच पडद्याचं माप दिलं म्हणायचं. तो दिवस मी विसरलेले नाही.

मामांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. वडिलांनी शहराबाहेर जमीन घेतली आणि बिऱ्हाड एका जागी बसवलं. पुढं शहरच चालत चालत त्यांच्या दारात आलं. रस्त्याच्या रुंदीत घर गेलं, शेताचे प्लॉट पडले. मुलांनी दोन मजली बंगला बांधला. मामा बंगल्यात जेवतात, पण झोपायला बाहेर, गाडीत. विचारलं तर बंगल्याच्या भिंतीवर, बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारून म्हणतात, "चारा संपला की बिऱ्हाड हललं पाहिजे. हे बघ, ढकललं तरी हलत नाय."

त्यांची पहिली गाडी म्हणजे जुनी मिनीबस. ती त्यांनी का बदलली? तर फाट्यावर चहाला थांबले की माणसं चढायची. इकडं उभी राहिलेली गाडी ही गंगापूरलाच निघालेली असते अशी सगळ्यांची खात्री. एकदा मामा आत भाकरी खात होते, तेवढ्यात एक म्हातारी कोंबडी घेऊन चढली, पलंगावर बसली आणि मामांना म्हणाली, "भाऊ, जरा सरक की तिकडं. आन् गाडी कवा सुटंल?" मामा सरकले. भाकरी संपवून त्यांनी तिला गंगापूरला सोडलंसुद्धा. "तोंडावर नाय कसं म्हणायचं? तिनं कोंबडी माझ्याच भरवशावर आणली होती." असं होऊन होऊन मामा कुठंही निघाले तरी गंगापूरला पोचायचे.

मग ॲम्ब्युलन्स घेतली. तिच्यात कुणी चढेना, उलट वाट द्यायचे. मामा खूश. पण खुलताबादला एका स्नेह्याकडं जेवायला गेले आणि गाडी दारात लावली. पहिला घास घेईतो गल्ली गोळा. बायकांनी तोंडाला पदर लावलेले, एकानं तर हारही आणलेला. तो स्नेही नंतर मामांवर कडाडला, "अहो, मी जिता हाय, मी जिता हाय, असं सांगता सांगता माझं मटण गार झालं!"

तिसरी होती एक बुटकी व्हॅन. मामा सहा फूट उंच आणि वर लाल पटका. पटका छताला घासायचा. काढून ठेवा म्हटलं तर म्हणाले, "माणसानं वाकायचं ते देवापुढं. स्वतःच्या घरात काय म्हणून?" त्यांनी वेल्डरकडून छताला मधोमध पत्र्याचं टोपडं बसवून घेतलं, नेमका पटका मावेल एवढं. गाडी डोक्याला टेंगूळ आल्यासारखी दिसायची. ते टोपडं पुढं एका चिंचेच्या फांदीनं उचलून नेलं. त्या दिवशी मामांनी मला पुन्हा कडुलिंबापलीकडं बोलावलं. "हिच्यात खोट नाय..."

चौथी गाडी घ्यायला मला बरोबर नेलं, म्हणजे मापं तिथंच होतील. जुन्या गाड्यांचे व्यापारी अन्वरभाई मामांना बघून अर्धे हसले, अर्धे धास्तावले. त्याला कारण होतं. मामा सौदा मेंढरांच्या बाजारासारखा करतात. समोरच्याचा हात आपल्या उपरण्याखाली ओढून घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. तोंडानं ब्र नाही.

"मामू, नक्को!" अन्वरभाई हात मागं लपवत म्हणाले. "उंगलियाँ दुखते मेरे. आकडा मुँह से बोलो ना."

"मोठ्यानं बोललं तर बाकीच्या गाड्या ऐकतील," मामा म्हणाले. "त्यांना वाईट वाटंल."

हात उपरण्याखाली गेला. मामांनी दाबलं, अन्वरभाई ओरडले. अन्वरभाईंनी दाबलं, मामांनी मान हलवली. बराच वेळ असं चाललं आणि सौदा झाला.

ती गाडी पूर्वी चायनीज विकायची. आत अजून सॉसचा वास होता, बाहेर लाल अक्षरात मंचुरियन आणि नूडल्स. पण तिची एक अख्खी बाजू वर उचलली जायची, पुढं सावली पडेल अशी. मामांनी ती बाजू उचलली, आत पलंगाच्या जागी आडवे झाले, मान वळवून बाहेर बघितलं, पुन्हा उठले आणि पाच वेळा तसंच केलं. मग मला म्हणाले, "ह्या बाजूला पडदा नको. ही मोकळी ठेव."

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी ते दुकानात आले. पटका हातात, चेहरा पडलेला.

"पोरी, माझ्याबरोबर येशील? तुझ्या घरधन्यालाही घेऊन चल. माझ्या बहिणीला एक गोष्ट विचारायची हाय. बाईमाणूस बाईला खरं सांगतं."

तेव्हा मला दुसऱ्या पलंगाचा उलगडा झाला.

धाकटी बहीण गिरजाबाई. ती दिली मेंढरंवाल्यांतच. दरवर्षी दिवाळीनंतर तिचा कळप मामांच्या शेतात बसायचा. शेताला खत मिळायचं आणि तिला माहेर मिळायचं. आता शेत नाही, घर नाही, आणि मुलांच्या बंगल्यात मेंढरं शिरणार कशी? तेव्हा मामांनी ठरवलं की माहेरानंच तिच्याकडं जायचं. दरवर्षी भाऊबिजेला ते चहाच्या टपऱ्यांवर कळपाचा ठाव विचारत निघायचे. कळप असायचा गंगापूरच्या बाजूला, गोदावरीकडं. म्हणजे कोंबडीवालीला सोडणं काही अगदीच वाकडी वाट करून नव्हतं.

गाडी चालवता चालवता मामा पहिल्यांदाच गाडीसमोर गाडीविषयी बोलले. "मिनीबस नेली, गिरजी आत आली, चहा घेतला, रात्री बाहेर जाऊन बसली. मला वाटलं, लोकं चढतात म्हणून बुजली. ॲम्ब्युलन्स नेली, तरी बाहेर. मला वाटलं, मुडद्याची गाडी म्हणून. व्हॅन नेली, तरी तेच. वाटलं, आत गुदमरत असंल. म्हणून ही मोकळ्या बाजूची घेतली. आता हिच्यातबी नाय झोपली तर..." मामांनी गिअर उगाच दोनदा टाकला.

मला गाडीच्या गॅसची भीती वाटत होती. ती विसरून मी त्या बाईची काळजी करायला लागले, जिला मी बघितलंसुद्धा नव्हतं.

गंगापूरच्या अलीकडं सिग्नलला दोन कॉलेजची पोरं हाफ प्लेट मागायला आली. मामा म्हणाले, "संपलं, बाळांनो. उद्या या." नाही म्हणणं त्यांना अजूनही जमत नव्हतं.

कळप एका कोरड्या ओढ्याकाठच्या रानात सापडला. त्या साली ऊस नव्हताच, नुसती ढेकळं. गिरजाबाई काठी टाकून धावत आली. मामांएवढीच उंच, वाळलेली, डोळे लाल. गाडी बघून तोंडाला हात लावला. "अगं बया! दादा, ह्या खेपेला खानावळ आणलीस?"

ओवाळणी झाली. मामांनी बाजू उचलून दाखवली, गादी दाबून दाखवली, दिवा लावून दाखवला. ती प्रत्येक गोष्टीला "झ्याक हाय" म्हणत होती. मग मामा आमच्या ह्यांना घेऊन मुद्दाम ओढ्याकडं फिरायला गेले, जाताना मला इतकी मोठी खूण करून की ती मेंढरांनाही कळली असेल.

गिरजाबाई चुलीवर भाकरी थापत होती. मी पिठाला हात लावत म्हटलं, "मावशी, गाडीत काय खटकतं तुम्हाला?"

"कुठं काय? लई गुणाची गाडी हाय."

"मग आत झोपत का नाही?"

ती हसली. "आन् मेंढरांकडं कोण बघंल गं? मालक गेले. पोरगं कंपनीत लागलं, चांगलं झालं. राखणीला एक म्हातारा गडी हाय, त्याला कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नाय. दुष्काळात लांडगं त्या बाभळीपर्यंत येतात, चोरबी येतात. मी बसल्या बसल्या डुलकी घेते. पाठ टेकून झोपल्याला चार वर्सं झाली."

"मग मामांना सांगायचं होतं."

"काय सांगू? तो एवढ्या हौसेनं माझ्यासाठी पलंग करून आणतो, समोरच्यावर सवताही झोपतो, घोरतोबी बघ किती समाधानानं. त्याला म्हणू, दादा, तू बाहेर बस?"

भाकरी उलटायची राहिली आणि करपली. तीच मी खाल्ली.

मामा परतल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. कडुलिंब नव्हता, बाभळीमागं नेलं. सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी गाडीकडं बघितलं, मग कळपाकडं. एवढंच म्हणाले, "म्हंजी खोट गाडीत नव्हती तर."

जेवणं झाल्यावर आम्ही नवरा-बायको पुढच्या सीटवर पाय आखडून झोपलो. त्यानंतर काय झालं ते मी पाहिलं नाही. सकाळी जाग आली ती थंडीनं. बाहेर उतरले. मामा मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कुंपणापाशी दगडावर बसले होते. खांद्यावर घोंगडी, हातात बहिणीची काठी, पटका कानांवर ओढलेला. चाळीस वर्षांनी माणूस जुन्या कामावर रुजू झाल्यासारखा ताठ. एक कोकरू त्यांच्या घोंगडीत शिरून झोपलं होतं. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

गाडीची बाजू उचललेली होती. आत पलंगावर गिरजाबाई झोपली होती, तोंड उघडं टाकून, एक हात खाली लोंबकळत. दिवस कासराभर वर आला तरी उठली नाही. मेंढरं ओरडायला लागली, तेव्हा दचकून बसली. आधी कळपाकडं बघितलं, मग भावाकडं. लाजली आणि लाज लपवायला खेकसली.

"उठवलं का नाय रं मला? एवढं ऊन वर आलं!"

"माहेरी कोण उठवतं व्हय?" मामा म्हणाले.

तिनं पदरानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिली. मग पायाखालची वहाण शोधता शोधता मला म्हणाली, "पोरी, पडदे तूच शिवतेस ना? मग ह्या बाजूला एक लाव की. सकाळचं ऊन नेमकं डोळ्यावर येतंय."

मामा दगडावरून उठले. गाडीच्या अगदी समोर, तिला चांगलं ऐकू जाईल असे उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "घे माप. जाड कापडाचा कर."

मी पिशवीतून टेप काढली.