शहापूर तालुक्याचं एकमत

देवजीमास्तरांनी शाळेतली नोकरी सोडली ती विचार करण्यासाठी. शहापुरात असं त्यापूर्वी कुणी केलं नव्हतं. माणसं नोकरी सोडत ती भांडून, नाहीतर आजारपणानं.

"विचार करायचा पगार देणार कोण?" त्यांच्या बायकोनं, वत्सलानं, भाकरी थापता थापता विचारलं.

"रामशेट. पहिला अहवाल सादर झाला की मी कायमचा चिटणीस."

"आणि तोवर?"

"तोवर मानद."

वत्सलानं भाकरी तव्यावर टाकली आणि पिठाचा डबा उपडा करून झटकला. मास्तरांना ते फार लागलं.

रामशेट म्हणजे गवताचे आणि कोळशाचे ठेकेदार. आसनगाव स्टेशनातून मुंबईच्या तबेल्यांना जाणारं निम्मं गवत त्यांचं. सदतीस सालच्या निवडणुकीत त्यांना कौन्सिलात जायचं होतं, पण तिकीट देणाऱ्यांनी विचारलं, तुमच्यामागं लोक किती? शेटना गवताच्या गठ्ठ्यांचा आकडा तोंडपाठ होता, लोकांचा नव्हता. पुढच्या खेपेला ही फजिती नको म्हणून त्यांनी वखारीच्या माळ्यावर 'शहापूर तालुका राजकीय विचार मंडळ' काढलं. पाटी, टेबल, दौत, दोन खुर्च्या, छपाई, सगळा खर्च शेटचा. विचार तेवढे मास्तरांचे, आणि तेही आधी शेटना दाखवून.

मंडळाचं पहिलं कार्य म्हणजे लोकमत अजमावणं. मास्तरांनी सात प्रश्नांचा कागद छापून घेतला. पहिला प्रश्न: 'प्रांताचा कारभार कोणत्या तत्त्वावर चालावा?' सातवा: 'रामशेटच्या कामावर आपण समाधानी आहात ना?' सातवा शेटनी स्वतः घातला होता, 'ना'सकट.

दोनशे बारा कागद पिशवीत घालून मास्तर तानसा तलावाच्या बाजूच्या पाड्यावर गेले. तिथली माणसं शेटचं गवत कापायची, रानात भट्ट्या लावून कोळसा पाडायची. कागद दिसताच पाडा ओस पडला. उरला एकटा धाकलू. त्याचा पाय मुरगळला होता, त्याला पळता येईना.

"प्रांताचा कारभार कोणत्या तत्त्वावर चालावा?" मास्तरांनी त्याला गाठलं.

"तुमी म्हनाल तसा."

"अरे, तुझं मत सांग."

"तेच माजं मत," धाकलू म्हणाला. "मास्तर, कागद ठेवून जा. दोन दिसांनी या. समद्यांचे अंगठे लावून ठेवतो."

मास्तरांना हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी गेले तर खरंच दोनशे बारा कागद, प्रत्येकावर कसा स्वच्छ, ठसठशीत अंगठा. शाळेत इतकी वर्षं पोरांकडून एवढं टापटिपीचं काम झालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. उत्तरांच्या जागा कोऱ्याच होत्या, त्या त्यांनी घरी बसून भरल्या. लोकांना काय म्हणायचं असणार हे विचारवंताला कळतंच, अशी त्यांची समजूत होती. सातव्या प्रश्नाला दोनशे बारा वेळा 'होय' लिहिताना मात्र त्यांचा हात भरून आला.

शेट बेहद्द खूश. त्यांनी कल्याणचे एक वजनदार पुढारी बोलावले, वखारीत मांडव घातला आणि लोक दिसावेत म्हणून आपलेच गवतकापे रांगेनं बसवले. मास्तरांनी नवा कोट चढवला होता. आज चिटणीसपद जाहीर व्हायचं होतं, आणि वत्सला बायकांत पुढंच बसली होती.

"मतदार अडाणी असला तरी त्याचं मत पक्कं आहे," मास्तर गरजले. "दोनशे बारा माणसं आणि एकमत!"

कल्याणच्या पाहुण्यांनी खिशातून भिंग काढलं. पुढारी होण्याआधी त्यांची सारी नोकरी पोलिसांत अंगठ्यांचे ठसे तपासण्यात गेली होती, हे शेटना ठाऊक नव्हतं. त्यांनी एक कागद पाहिला, दुसरा पाहिला, मग सगळा गठ्ठाच पुढं ओढला.

"एकमत असणारच," ते शांतपणे म्हणाले. "अंगठा एकच आहे. मधोमध विळ्यानं कापल्याची खूण आहे बघा."

मास्तर भिंगातून बघायला वाकले. तेवढ्यात रांगेतून गोमा नावाचा म्हातारा उठला आणि कौतुक करून घ्यायला आल्यासारखा अंगठा वर करून उभा राहिला.

"माजाच तो. माजी जमीन बापाच्या येळंलाच गेली. आता ह्या अंगठ्यातून कोन काय नेनार? म्हून पाड्यावर कागद आला का समदे माज्याकडंच धाडतात."

"सगळे कागद?" पाहुण्यांनी विचारलं.

"समदे. शेटचे करारबी."

मग शेट उठले आणि धावतच पेढीवर गेले. गवतकापे हंगामभर दुसरीकडं कामाला जाणार नाहीत, ठरल्या दरावर कुरकुर करणार नाहीत, अशी तीनशे करारपत्रं तिथल्या पेटीत होती. शेट बराच वेळ परतले नाहीत. परतले तेव्हा त्यांनी आधी पाटी उतरवायला सांगितली.

पाहुणे हसत मोटारीत बसले. "मंडळानं काम चोख केलं हो," ते जाता जाता म्हणाले. त्यानं शेट आणखीच भडकले.

"मास्तर, मंडळ बंद. आणि यातलं अक्षर बाहेर फुटता कामा नये. तसं लिहून द्या. उद्या कागद माझ्या हातात पाहिजे."

नोकरी गेली, पद गेलं, कोट तेवढा राहिला. घरी मास्तरांनी कागद लिहून काढला: 'घडला प्रकार मी आमरण कोणास सांगणार नाही.' सहीसाठी टाक उचलला आणि तसाच थांबला.

"काय झालं?" वत्सलानं विचारलं.

"विचार करतोय," मास्तर म्हणाले. या खेपेला ती हसली. मास्तर शाईची गादी घेऊन पाड्यावर गेले.

गोमानं सवयीनं अंगठा पुढं केला, पण मास्तरांनी आधी कागद वाचून दाखवला. आजवर गोमाला कुणी कुठलाच कागद वाचून दाखवला नव्हता.

"म्हंजे आता मी कोनाला सांगायचं नाय?"

"तू नाही."

"आन् तुमी?"

"माझा कुठं अंगठा आहे त्यावर?"

गोमानं मान डोलावली आणि अंगठा उठवला. शब्दाला तो जागला, मरेपर्यंत अवाक्षर बोलला नाही. मुरबाडच्या बाजारापर्यंत ही हकीकत मास्तरांनीच पोचवली, आणि तीही अर्थात मानद.