विहिरीत सोडलेला बत्ता

यंत्राच्या बाबतीत माझा हात धरणारा आमच्या उपविभागात कुणी नव्हता. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि इतरांना नसेल तर मी सांगत असे. त्यामुळे त्र्याऐंशी साली धरणातला गाळ मोजायच्या नावेवरचं यंत्र बिघडलं, तेव्हा मी साहेबांना छाती पुढे काढून म्हणालो, "माझ्यावर सोडा."

"सोडलं," साहेब म्हणाले. "मुंबईहून मोठे साहेब बघायला येतायत. त्यांच्यासमोर यंत्र चाललं नाही तर नाव जाईल दुसरीकडे आणि जयराम, तुम्ही जाल सुरगाण्याला."

सुरगाण्याशी माझं काही वैर नाही. पण इंदिरानगरात आमचं घर नुकतं कुठे उभं राहिलं होतं. भिंतींचा रंगही वाळला नव्हता. आणि सुमनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, आधीच बजावलं होतं, "बदली झाली तर एकट्याने जायचं. मी आता या घरातून हलणार नाही."

यंत्र तसं साधं. नावेत एक तबकडी, तिच्यावर फिरणारा लाल दिवा, आणि वायरीच्या टोकाला पाण्यात बुडवलेला पितळी ठोकळा. हा ठोकळा खाली आवाज सोडतो, तळावर आपटून आलेला आवाज ऐकतो, आणि दिवा खोलीच्या आकड्यावर लागतो. नाव चालवणारा लियाकत त्याला बत्ता म्हणे, कारण तो दिसायचाच तसा. कुणीतरी तो मागे, इंजिनाच्या पंख्याला खेटून बसवला होता. पंख्याच्या फेसात त्याला काही म्हणता काही ऐकू येत नसे.

"बत्ता काढायचा, तपासायचा आणि मधोमध, नावेच्या बाजूला बसवायचा. झालं," मी म्हणालो.

"साहेब, आप बोले तो झालंच," लियाकत म्हणाला. त्याच्या बोलण्यात थोडी खोच होती, पण मी मनावर घेतलं नाही.

तपासायला खोली आधीच माहीत असलेलं संथ पाणी हवं. धरणाच्या काठालाच गोटीराम नावाच्या शेतकऱ्याची विहीर होती. मी दगड बांधून दोरी सोडली, पाणी मोजलं, मग बत्ता सोडला. दोन्हींचा आकडा जुळला. मी मान वर केली तर गोटीराम माझ्याकडे देवळात उभा असल्यासारखा बघत होता. तो तडक घरी गेला आणि बायकोला, गोजराबाईला घेऊन आला. तिच्या ताटात हळदकुंकू, नारळ आणि झाकलेली पिठलं-भाकरी होती.

"पाणाड्याला रिकाम्या हातानं इचारू नाय," तो म्हणाला. "वरच्या वावरात पाणी कुठं हाय, तेवढं सांगा."

"अहो, मी पाणाड्या नाही."

"खरा पाणाड्या कधी हाय म्हणत नाय."

मी म्हणालो, "हे यंत्र पाण्यात बुडवल्याशिवाय चालत नाही."

"मग तांब्याभर आणते की," गोजराबाई म्हणाली.

पिठलं फार चांगलं होतं. ते खाल्ल्यावर नाही म्हणणं माझ्याच्याने झालं नाही. पुढे मी, मागे डोक्यावर यंत्राची तबकडी आणि बॅटरी घेतलेला लियाकत, त्याच्यामागे अर्धी वाडी. वरच्या वावरात गोजराबाईने तांब्या ठेवला, मी त्यात बत्ता बुडवला. तांब्यात त्या बिचाऱ्याला काय कळणार? दिवा उगाच कुठेतरी मिचकावला, आणि सवयीने माझ्या तोंडून आकडा गेला, "चाळीस." गोटीरामने लगेच तिथे धोंडा ठेवला.

पुढचं काम झकास झालं. पाइपाच्या टोकाला बत्ता आवळून तो आम्ही नावेच्या बाजूला पक्का केला. दिवा जागच्या जागी लागू लागला. मोठ्या साहेबांची भेट मात्र पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. तेवढ्या अवधीत गोटीरामच्या भाऊबंदांनी वरचं वावर खणायला घेतलं.

अखेर मोठे साहेब आले. नाव धरणभर फिरली, यंत्राने एकही आकडा चुकवला नाही. "शाब्बास, जयराम," मोठे साहेब म्हणाले. माझं घर वाचलं होतं. मला इतका आनंद झाला की मी लियाकतला मिठी मारली.

काठावर हार घेऊन गोटीराम उभा होता.

"ह्यांनी चाळीस फूट सांगितलं, अन् पाणी बारातच लागलं," तो मोठ्या साहेबांना म्हणाला. "मुद्दाम जास्तीचं सांगत्यात, म्हंजी माणूस हिरमुसत नाय."

मी घाईघाईने म्हणालो, "साहेब, धरणाच्या कडेला कुठेही खणलं तरी पाणी लागतंच. यात माझं काही नाही."

"आणि वर विनयही आहे," मोठे साहेब आमच्या साहेबांना म्हणाले. "चांदवडकडे आपल्या विहिरींना पाणी लागत नाही, आणि असा माणूस तुम्ही इथे गाळ मोजायला बसवलाय?"

घरी गेलो तेव्हा सुमन दाराला तोरण बांधत होती. माझा चेहरा बघून तिचे हात थांबले.

"यंत्र चाललं नाही का हो?"

"चाललं."

"मग?"

"जरा जास्तच चाललं."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग तोरणाची उरलेली गाठ मारली, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तिच्यात कपडे भरू लागली. फक्त माझे.