कोठीतली तपासणी

सरकारतर्फे शाळा तपासायला आलेल्या बर्निस त्सोसी बाईंनी प्रश्न पुरा करायच्या आतच सहावीतल्या मुलानं उत्तर दिलं, तेव्हाच मुख्याध्यापक एलिसेओ बाका यांनी ओळखलं, की घोटाळा झाला.

"दोन तृतीयांश आणि..." एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

"पाऊण मोठा!" मुलगा ताडकन उभा राहून म्हणाला आणि खाली बसला. पाठोपाठ सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. टाळ्याही तालमीतल्याच होत्या, फक्त त्या आणखी दोन प्रश्नांनंतर वाजायच्या होत्या.

"का मोठा?" बाईंनी विचारलं.

मुलानं मोंड्रागॉन बाईंकडे पाहिलं. गणिताच्या मोंड्रागॉन बाईंनी मुख्याध्यापक बाकांकडे पाहिलं. बाकांनी छताकडे पाहिलं. 'का'ची तालीम कुणी घेतलीच नव्हती.

न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या डोंगरांत, लोस पेरालेस नावाच्या गावात ही चार्टर शाळा होती. पैसा सरकारचा, कारभार गावाचा, आणि पाच वर्षांनी राज्याच्या चार्टर कार्यालयाला पटलं तरच पुढची सनद. गणिताचे निकाल दोन वर्षं घसरले होते, यंदा कुठे जरा वर येत होते. सनद गेली असती, तर गावातल्या पोरांना रोज घाट ओलांडून बसनं दूरच्या शाळेत जावं लागलं असतं. म्हणून बाकांनी आठवडाभर शाळा घासूनपुसून घेतली होती, वर्गांकडून धडे घोकून घेतले होते. आपण क्षणभर नजर काढली तर शाळा कोसळेल, अशी त्यांची ठाम समजूत होती.

वर्गाबाहेर येऊन त्सोसी बाई थांबल्या. "हे दार कसलं?"

"ते? काही नाही. कोठीची खोली. तिकडे ग्रंथालय आहे बघा, नवीन..."

"बघू या की."

बाईंनी दार उघडलं आणि त्या आत शिरल्या. मोडक्या खुर्च्या, फाटके नकाशे, गळक्या बादल्या, आठवडाभरात शाळेतून गायब झालेलं सगळं तिथे छतापर्यंत रचलेलं होतं. "बाई, जपून, वरचं पडेल!" म्हणत बाका मागोमाग धावले. त्यांच्या धक्क्यानं दार लागलं. ते उघडायला गेले, तर कडीची मूठ त्यांच्या हातात आली.

"ही पण दुरुस्त करायची होती का?" बाईंनी विचारलं.

"उद्या सुताराला बोलावलंय," बाका म्हणाले. खरं तर तो विचार त्यांना आत्ताच सुचला होता.

त्यांचा फोन टेबलावर होता, बाईंचा गाडीत. बाकांनी दार बडवलं, घसा फोडून हाका मारल्या. पण पाहुण्यांच्या स्वागताचं पथक नेमकं तेव्हाच बाहेरच्या अंगणात जमलं होतं. चार कर्णे, सहा व्हायोलिनं आणि एक भलीमोठी गिटार यांच्यापुढे मुख्याध्यापकांचा आवाज कसला टिकतोय!

"वाजवतात छान," बाई एका उलट्या बादलीवर बसत म्हणाल्या. "ही अडगळ लपवलीत कशाला?"

"मग काय दाखवायची?"

"आमच्याकडे दुरुस्तीला निधी असतो. गणित शिकवणाऱ्यांच्या मदतीला माणसंही असतात. तुम्ही पाच वर्षांत एकदाही मागितलं नाहीत."

"तुम्ही तपासायला येता हो, बाई. ज्याच्या हातात टाळं असतं, त्याला छप्पर गळतंय म्हणून कोण सांगतं?"



तेवढ्यात वाजवणं थांबलं. बाका पुन्हा ओरडायला तोंड उघडणार, तोच बाईंनी हात वर केला. "थांबा!" पातळ लाकडी भिंतीपलीकडून मोंड्रागॉन बाईंचा आवाज येत होता.

"कुठे दिसत नाहीत. कॉफीला गेल्या असतील. हं, आता ते नाटक पुरे. खरं सांगा, पाऊण मोठा का, हे कुणाला कळलंय?"

बाकांनी डोळे मिटून घेतले.

"कुणालाच नाही ना? मग चूक माझी आहे. मी घोकून घेतलं, शिकवलं नाही. चला, आपला पाट धरू. पाटाचं पाणी एक दिवसाचं. सोमवारी एकानं दोन तृतीयांश दिवस घेतलं, मंगळवारी दुसऱ्यानं पाऊण दिवस. जास्त कुणी घेतलं?"

"पाऊणवाल्यानं!"

"कशावरून?"

मग जी जुंपली! कुणी म्हणे चारपेक्षा तीन लहान, कुणी म्हणे आकड्यांत काही नसतं. दोघं फळ्यापाशी खडूवरून भांडली. मोंड्रागॉन बाई कुणालाच उत्तर सांगेनात, नुसतं "मग पुढे?" म्हणत राहिल्या.

"उरलेलं बघा रे, उरलेलं," त्सोसी बाई भिंतीला कान लावून पुटपुटल्या. त्या पूर्वी स्वतः गणित शिकवत असत. बाकाही नकळत शेजारी कान लावून उभे राहिले.

तेवढ्यात दार उघडलं. शाळेची कारकून युलालिया डिंकाची बाटली न्यायला आली होती. मुख्याध्यापक आणि सरकारी बाई भिंतीला चिकटलेले पाहून ती जागच्या जागी थिजली.

"शू!" त्सोसी बाई मागे न बघताच म्हणाल्या. "दार लावा!"

युलालियानं आज्ञाधारकपणे दार लावलं.

"बाई," थोड्या वेळानं बाका हळूच म्हणाले, "दार उघडलं होतं."

"मग तुम्ही गेला का नाहीत?"

"तुम्ही शू म्हणालात."

पलीकडून एका मुलीचा आवाज आला. "बाई, एकाच्या मागे खालच्या शेतात आम्हाला तृतीयांश दिवस उरतो, दुसऱ्याच्या मागे फक्त पाव! पाव कमी. म्हणजे ज्यानं आम्हाला कमी ठेवलं, त्यानंच जास्त घेतलं!"

वर्गानं एकच कल्ला केला. कोठीत त्सोसी बाईंनी दोन्ही मुठी हवेत उडवल्या, आणि वरचा फाटका नकाशा बाकांच्या डोक्यावर आला.

आत गुप्त तपासणी चालू आहे, कुणी फिरकायचं नाही, असं युलालियानं शाळाभर सांगून टाकलं होतं. त्यामुळे शाळा सुटल्यावरच तिनं दारावर टकटक केली. "झालं का, बाई?"

बाहेर मोंड्रागॉन बाई उभ्या होत्या. कोठीत सगळं ऐकू जातं हे कळताच त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे... मी नाटक म्हणाले, तेसुद्धा?"

"तेसुद्धा," त्सोसी बाई म्हणाल्या. "आणि चूक माझी म्हणालात, तेही. सनद मी एकटी देत नाही, आयोग देतो. पण शिफारस माझी असते, आणि ती मी करणार आहे. घोकलेला धडा पाहिल्याचंही लिहीन, ते लपवणार नाही. आणि बाका सर, पुढच्या आठवड्यात आमचा माणूस येईल. तपासायला नाही, मदतीला. त्याला कोठी दाखवा."

बाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी युलालियाला दरडावलं, "इतका वेळ मी नाही, कुणी शोधलं कसं नाही मला?"

"तुम्हाला?" युलालिया निरागसपणे म्हणाली. "तुम्ही नाही, हे कुणाला जाणवलंच नाही, सर. आज सगळं किती सुरळीत चाललं होतं!"

त्सोसी बाईंनी वही उघडली आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं, "मुख्याध्यापकांच्या गैरहजेरीत शाळा उत्तम चालते."

बाका दुखावले. पार्किंगपर्यंत ते दुखावलेलेच होते. बाईंची गाडी वळणाआड गेली, तेव्हा मात्र त्यांनी छाती पुढे काढली आणि मोंड्रागॉन बाईंना म्हणाले, "अशी शाळा उभी करायला पंधरा वर्षं लागतात, कळलं?"