उणे चौतीस आणि रेवणप्पा

रेवणप्पाने भाकरीचा पहिला घास मोडला आणि तेवढ्यात शैलश्रीचा व्हिडिओ कॉल आला. मुलगी कॅनडात, विनिपेग नावाच्या गावी. लग्न होऊन गेली त्याला सहा महिने झाले होते. तिथला हा तिचा पहिलाच हिवाळा. इकडे दुबलगुंडीत संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिच्याकडे सकाळचे आठ.

"अप्पा, नळाला पाणी येईना गेलंय," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मग त्यात रडायचं काय? आमच्याकडं बी चार दिवसांआड येतंय. सोडतील उद्या."

"तसं न्हाई, अप्पा. पायपातलं पाणी गोठलंय. हे कामाला दुसऱ्या गावाला गेलेत, बर्फानं रस्ता बंद हाय. प्लंबर म्हणतोय परवा येतो. निम्म्या गावाचे नळ गोठलेत."

रेवणप्पाने घास ताटात ठेवला. तीस वर्षं तो हुमनाबाद तालुक्यात पाइप-फिटिंगची कामं करत होता. ट्रॅक्टरखाली चेपलेले, उंदरांनी कुरतडलेले, उन्हात वाकडे झालेले, लिंबाच्या मुळ्यांनी फोडलेले असे सगळे पाइप त्याने पाहिले होते. गोठलेला पाइप त्याने कधी ऐकलासुद्धा नव्हता.

शैलश्रीने खिडकीबाहेरचं थर्मामीटर दाखवलं. "उणे चौतीस."

"उणे म्हंजे?" निलम्माने नवऱ्याच्या खांद्यावरून डोकावत विचारलं.

"शून्याच्या बी खाली, अव्वा. चौतीस घरं खाली."

निलम्मा एवढ्या मोठ्यांदा "अगं बाई" म्हणाली, की समोरचा किराणावाला बसवराज दुकान तसंच सोडून आला. त्याच्या मागोमाग गिऱ्हाइकं आली. पाच मिनिटांत रेवणप्पाच्या ओसरीवर दहा-बारा माणसं त्या एवढ्याशा पडद्याकडे बघत होती. पडद्यावर विनिपेगची गल्ली होती. झाडं पांढरी, छपरं पांढरी, उभी मोटार दिसेनाशी झालेली.

"पायपावर उकळतं पाणी वत की, पोरी," निलम्मा म्हणाली.

"नगं!" रेवणप्पा ओरडला. "तापल्या तव्यावर गार पाणी पडलं की काय व्हतंय? हितं त्याच्या उलटं व्हईल. पायप तडकंल. दमानं घ्यायचं. शैला, केस वाळवायचं मशीन हाय का?"

"हाय."

"आगुदर नळ उघडा ठेव. सुटलेल्या पाण्याला जायला वाट पायजे. आता नळाकडून सुरू कर आणि भिंतीकडं सरक. एका जागी धरू नगंस."

शैलश्री ओट्याखालच्या कपाटात अर्धी शिरली. मशीन घूं घूं करू लागलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ओसरीवरचं कुणी हललं नाही. मग नळ खोकला. एकदा, दोनदा, आणि बर्फाचा चुरा थुंकून धो धो वाहू लागला.

ओसरीवर टाळ्या झाल्या. बसवराजने रेवणप्पाच्या पाठीवर थाप मारली. "अण्णा, तू हितं बसून कॅनडाचं पाणी सोडलास!"

"अप्पा!" शैलश्री किंचाळली. कपाटातून पाण्याचा फवारा थेट तिच्या तोंडावर येत होता.

रेवणप्पाच्या सगळं लक्षात आलं, आणि तशा घाईतही तो क्षणभर थक्क झाला. पाणी गोठताना फुगलं होतं. त्याने तांब्याचा पाइप उभा चिरला होता, आणि मग बर्फ होऊन त्याच चिरेला बूच मारून बसलं होतं. ते बूच आता रेवणप्पानेच वितळवायला लावलं होतं.

"पाणी बंद करायचा मेन वॉल कुठं हाय?"

"मला ठावं न्हाई!"

"पळ! पायपाच्या मागं मागं जा!"

शैलश्री तळघराचा जिना उतरू लागली. फोन हातात उलटा झाला, तशा ओसरीवरच्या सगळ्या माना वाकड्या झाल्या. तळघरात पाइपांचं जाळं होतं. रेवणप्पाची नजर त्यातून भराभर फिरली.

"थांब. मागं ये. ते लाल चाक बग. उजवीकडं फिरव."

"फिरंना, अप्पा! घट हाय!"

"फडकं गुंडाळ आणि लाव जोर!" रेवणप्पा उठून उभा राहिला. दोन्ही हातांनी हवेतलं चाक पिळू लागला. त्याला बघून सगळी ओसरी चाक पिळू लागली. बसवराज उलटं पिळत होता. निलम्माने त्याचा हात धरून सरळ केला.

चाक करकरलं. वरचा आवाज थांबला.

"बंद झालं," शैलश्री पायरीवर बसत म्हणाली. मग ती हसायला लागली, आणि मग रडायला.

"जावयाची सायकल हाय का?" रेवणप्पाने विचारलं.

"हाय, पण बर्फात कुठं जायचं सायकलवर?"

"चालवायची न्हाई. तिची ट्यूब काप."

जुनी ट्यूब लांब पट्टीत कापली गेली. "ताणून गुंडाळ. अजून ताण. वरनं तार आवळ." शैलश्रीची बोटं लाल झाली होती, पण तिने पाच वेढे दिले. वॉल किंचित उघडला. पट्टी जराशी फुगली आणि तशीच राहिली. एक थेंबही आला नाही.

तिसऱ्या दिवशी प्लंबर आला. चांगला सहा फुटी गोरा माणूस ओट्याखाली बराच वेळ उताणा पडून राहिला. मग ही पट्टी कुणी सुचवली ते विचारून त्याने शैलश्रीला तिच्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं.

"अप्पा, त्यो म्हणतोय, नवा तुकडा घालतो, पण ही पट्टी मला द्या. दुकानात लावणार हाय." शैलश्री पुढे म्हणाली, "आणि म्हणतोय, लई थंडी असली की कपाटाचं दार उघडं ठेवा, घरातली ऊब पायपाला लागू द्या. आणि नळ बारीक धारेनं गळता ठेवा."

"मुद्दाम?" रेवणप्पाचा विश्वास बसेना. आयुष्यभर त्याने लोकांचे गळके नळ बंद केले होते. "वाहतं पाणी लवकर गोठत न्हाई, व्हय?"

"व्हय म्हणतोय."

रेवणप्पाने पडद्यासमोर हात जोडले. पलीकडून प्लंबरनेही जोडले.

त्या कॉलनंतर रेवणप्पाला दुबलगुंडीच्या थंडीला थंडी म्हणायची लाज वाटू लागली. पहाटे बारा अंश असत. गल्लीतले लोक कान बांधून शेकोटीला बसत. "पोर उणे चौतीसात हाय, आणि तुमी बाराला कुडकुडायलाव?" असं म्हणून त्याने स्वेटर पेटीत टाकला आणि अंगणात सगळ्यांसमोर गार पाण्याने आंघोळ सुरू केली. लोक त्याच्याकडे कौतुकाने पाहत. तीन दिवस त्यांनी पाहिलं.

चौथ्या दिवशी तो तीन गोधड्यांखाली होता. नाक चोंदलेलं, आवाज गेलेला. निलम्माने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. विनिपेगमध्ये उणे सत्तावीस होतं आणि शैलश्री अर्ध्या बाह्यांचा कुडता घालून चहा पीत होती.

"अप्पा, आगुदर कान बांधा," ती म्हणाली. "आणि वाफ घ्या. नळाकडून सुरू करा, हळूहळू भिंतीकडं सरका."