जांभयांची वही

गावंडे सर पडद्याकडे तोंड करून बसलेले तुम्हाला कधी दिसायचे नाहीत. वर्गात ई-धडा सुरू झाला की सर खुर्ची फिरवतात, पडद्याकडे पाठ करतात आणि पोरांची तोंडं पाहत बसतात. मांडीवर वही. कोणी जांभई दिली की घड्याळ पाहून लगेच नोंद: ‘दोन मिनिटं पंधरा सेकंद. शेवटचा बाक. मोठी.’

बार्शीटाकळीकडच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत सर गणित शिकवतात, मी चित्रकला. दहावीचे ई-धडे दोघं मिळून बनवतो. म्हणजे डोकं त्यांचं आणि बोटं माझी मोडतात. रविवारी घरच्यांचे टोमणे खात मी चित्रं हलवायची आणि सोमवारी सरांनी वही उघडून म्हणायचं, "भाऊ, तुया धडा दोन मिनिटाले मेला."

अंकगणिती श्रेढीच्या धड्यात मी एक पोपट घातला होता, पायऱ्या मोजत जिना चढणारा. पोरं खदखदून हसली. मी खूश. सरांनी पोपटच उडवला. म्हणाले, "पोट्टे पोपट पाहून राहिले. श्रेढी कोन पाहून राहिलं?" खरं होतं, म्हणून तर जास्त राग आला.

बरं, हे शाळेपुरतं असतं तरी चाललं असतं. अमरावतीला त्यांच्याच पुतण्याच्या साखरपुड्यात भाषणं सुरू झाली आणि यांनी खुर्ची फिरवली. नंतर मुलीच्या मामांना बाजूला घेऊन, तुमचं भाषण चौथ्या मिनिटाला कुठे सांडलं ते नीट समजावून सांगितलं. मामा जेवायला थांबले नाहीत.

तर श्रेढीचा धडा पाच वेळा मोडून आम्ही साडेपाच मिनिटांवर आणला. सहाव्या वेळी अख्ख्या वर्गात एकही जांभई नाही. फक्त वैष्णवीच्या चार. सरांचं तोंडच उतरलं. मी म्हटलं, एका पोरीसाठी आता मी काही मोडणार नाही. पण त्यांनी तिला थांबवून विचारलंच, की बाई, नेमकं कुठे कंटाळा येतो?

वैष्णवी खाली मान घालून म्हणाली, धडा चांगला आहे सर. तिच्या घरी झेंडूचा मळा. फुलं सकाळी अकोल्याच्या बाजारात पोचायला हवीत, म्हणून ती पहाटे चारपासून तोडायला असते. वर्गात बसलं की डोळे मिटतात, गणित काही डोक्यात शिरत नाही. म्हणून यंदा दहावीच्या परीक्षेला बसायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही.

चार दिवसांनी ते कंबर धरत आले आणि मोबाइल माझ्या कानाला लावला. चित्र नाही, काही नाही. नुसता त्यांचा आवाज: "पहिल्या ओळीत पाच फुलं, दुसरीत आठ, तिसरीत अकरा. मंग दहाव्या ओळीत किती? सांग आरामात. मी थांबतो, तू तोड." मग नुसत्या धापा, पाचोळ्याची सळसळ आणि लांबवर कोंबडा. एक ओळ तोडायला किती वेळ लागतो ते कळावं म्हणून हा माणूस तिच्या बापाला विचारून पहाटे स्वतः झेंडू तोडून आला होता, आणि तोडता तोडताच बोलला होता.

मी म्हटलं, सर, धापा आणि कोंबडा काढून टाकतो, आवाज स्वच्छ होईल.

"राहू दे," सर म्हणाले. "बाप त्या टोकाले, हे पोट्टी या टोकाले. अंधारात एकटीच असते. कोनीतरी संग तोडून राहिलं, असं वाटू दे तिले."

मला त्यांचा इतका राग यायचा, आणि त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. आमच्यात तसं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत वैष्णवी शिक्षकांच्या खोलीच्या दारात आली. म्हणाली, "सर, बत्तीस."

"बराबर."

"बाबाचंबी बत्तीसच आलं. मोबाइलचा आवाज मोठा केला होता न, त्यायनं तिकून ऐकलं." मग जरा थांबून म्हणाली, "बाबा म्हनते, फॉर्म भरून टाक. तुया ओळी मी तोडतो."

सर चष्मा काढून किती तरी वेळ पुसत बसले. मी तिला म्हटलं, जा बाई, ऑफिसातून फॉर्म घे आणि आत्ताच इथे बसून भर.