गिरजाक्काची शोकसभा

एका जंगलात, मुलांनो, गिरजाक्का नावाची अस्वलीण राहत होती. तिची पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती. एके दिवशी पुन्हा रक्त दिसलं. ती तडक साळिंदर डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी स्वतःच्याच पाठीवरची सुई उपटून तपासणीसाठी तुकडा काढला. गर्भाशयाच्या अस्तरात कॅन्सरची गाठ निघाली. शनिवारी ऑपरेशन झालं. काढलेलं गर्भाशय चिचुंद्रीबाईंकडे तपासायला गेलं. या बाईंना दारातला हत्ती दिसत नसे, पण भिंगाखालची पेशी बरोबर दिसे.

रिपोर्टला आठवडा लागणार होता. जंगलाला तेवढा धीर नव्हता.

शेजारचे तरसराव भेटायला आले. म्हणाले, "शनिवारचं ऑपरेशन. शनिवारचं कोणी उठत नाही."

"माझ्या मावसजावेलाही हेच झालं होतं," टिटवी म्हणाली. "दिवाळी नाही बघितली बिचारीने. चहात साखर कमी टाक हं."

गिरजाक्का खचली. तिने जमवलेला मध वाटून टाकला. गुहा तरसरावांना देऊ केली. त्यांनी त्याच दुपारी पडद्यांची मापं घेतली.

मग रिपोर्ट आला.

"अक्का, बसा," डॉक्टर म्हणाले. "गाठ कमी आक्रमक जातीची आहे. ग्रेड पहिली. गर्भाशयाच्या भिंतीत निम्म्यापर्यंतही शिरलेली नाही. रक्तवाहिन्यांत तिच्या पेशी नाहीत. बाहेर कुठे पसरलेली नाही."

"आणि शनिवार?"

"शनिवार भिंगाखाली दिसला नाही."

"म्हणजे मी जगेन?"

"वचन देत नाही. पण अशा गाठीचे बहुतेक पेशंट पुढे वर्षानुवर्षं माझं डोकं खायला येतात. तुम्हीही तपासणीला येत राहा."

गिरजाक्का पोटभर रडली. मग मध परत मागायला गेली. टिटवीने तो संपवला होता.

तरसराव पेचात पडले. त्यांचं शोकसभेचं भाषण पाठ झालं होतं. दर तपासणीनंतर ते आशेने विचारत, "काही फरक?" अशी पाच वर्षं गेली. शेवटी त्यांनी सभा घेतलीच.

गिरजाक्का पहिल्या रांगेत बसली. स्वतःचे गुण ऐकून तिचे डोळे भरून आले. मग तिने पंजा वर केला. "माझं वय दोन वर्षं जास्त सांगितलंत."

"दिवंगतांनी मध्ये बोलू नये," तरसराव म्हणाले आणि पुढचं वाक्य आठवू लागले.

तात्पर्य: आपण किती जगू याचा अंदाज गाठीवरून बांधता येतो, असं डॉक्टर म्हणतात. ते खरंही असेल. पण शेजाऱ्यांचं भाषण पाठ झालं असेल, तर बरं होणं हा शुद्ध उद्धटपणा आहे.